छोट्या खोलीत गाण्याच्या मिक्सिंगसाठी (आवाज आणि वाद्यांचा तोल साधण्यासाठी) ५ इंची स्टुडिओ मॉनिटर स्पीकर घ्यावेत की ८ इंची?

खोली दहा बाय दहा फुटांची असेल तर ५ इंचीच घ्या. ८ इंची वूफर (स्पीकरमधला बेस वाजवणारा मोठा भाग) खालचा बेस जास्त देतो खरा, पण ५० हर्ट्‌झची लाट जवळपास ७ मीटर लांब असते. लहान खोलीत ती भिंतींवर आपटून कुठे फुगते, कुठे गायबच होते. मग आपण मिक्समध्ये बेस उगाच कापतो आणि गाडीत तेच गाणं पोकळ वाजतं. माझे स्पीकर भिंतीला चिकटून होते तेव्हा बेस गिटारचा एकच सूर घुमायचा. वीतभर पुढे ओढले, अर्धं दुखणं तिथेच गेलं. ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाज वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीवर ठेवा, दोन्ही स्पीकर आणि डोकं समभुज त्रिकोणात. उरलेल्या पैशांत कोपऱ्यांत जाड रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे) पॅनेल लावा. अंड्यांचे ट्रे नकोत, बेसला ते अडवत नाहीत.