तुमच्या क्लबच्या चाहत्यांमध्ये सगळ्यात जास्त भांडणं कुठल्या खेळाडूवरून झाली?

फुटबॉलमध्ये मी आर्सनलवाला, त्यामुळे नावांचा तुटवडा नाही. तरी माझं उत्तर मधल्या फळीतला ग्रानिट झाका. आमच्याच मेसुत ओझिलवरूनही आमच्यात भरपूर वाजलं, त्याच्याकडे शेवटी येतो.

झाका 2016 मध्ये जर्मनीतून आला. डावा पाय असा, की मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या विंगरच्या (कडेने खेळणाऱ्याच्या) पायात चेंडू अलगद नेऊन ठेवायचा. पण हाच माणूस स्वतःच्या गोलसमोर कुणी अंगावर धावून आलं की गडबडायचा. वळायला वेळ लागायचा, मग मागून पाय घालायचा आणि कार्ड ओढवून घ्यायचा. 2020-21 मधले बर्नलीविरुद्धचे दोन सामनेच घ्या. घरच्या सामन्यात त्याने त्यांच्या वेस्टवुडचा गळा धरला, रेड कार्ड मिळालं आणि आपण 0-1 हरलो. तिकडे गेलो तेव्हा स्वतःच्याच बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, आडवा पास द्यायला गेला, तो बर्नलीच्या ख्रिस वूडच्या अंगावर आपटून थेट गोलमध्ये. सामना 1-1.

खरा भडका मात्र त्याआधीच उडाला होता. 27 ऑक्टोबर 2019, आमच्या एमिरेट्स स्टेडियमवर क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा सामना. दहा मिनिटांच्या आत 2-0 आघाडी आणि मग 2-2. साठ मिनिटं उलटल्यावर तेव्हाचा प्रशिक्षक एमरीने झाकाला बाहेर बोलावलं. तो कर्णधार होता, रमतगमत चालत निघाला. प्रेक्षक हुर्यो उडवायला लागले, तसे त्याने ‘अजून ओरडा’ असे हातवारे केले, कानाला हात लावला, शर्ट काढला आणि सरळ आत निघून गेला. काही दिवसांत कर्णधारपद गेलं. नंतर कळलं, की सोशल मीडियावर लोक त्याच्या बायकोबद्दल, तान्ह्या मुलीबद्दल वाट्टेल ते लिहीत होते. त्याच्या खेळावर मीही तोंडसुख घेतलंय, पण हे म्हणजे हद्द झाली.

इथून परत येणारे खेळाडू फारसे आठवत नाहीत. एमरीनंतर प्रशिक्षक झालेल्या आर्टेटाने त्याला क्लब सोडण्यापासून थांबवलं आणि माझ्या मते भांडण मिटवलं ते जागा बदलून. 2022-23 मध्ये डावा बचावपटू झिंचेंको आत येऊन मधल्या फळीतल्या थॉमस पार्टीच्या बाजूला उभा राहायला लागला आणि झाकाला पुढे बॉक्सपर्यंत धावायची मुभा मिळाली. आता पाठीवर कुणी नाही, वळायची घाई नाही. लीगमध्ये सात गोल केले, आधीच्या कुठल्याच मोसमात चाराच्या वर गेला नव्हता. माणूस तोच, डोकं तितकंच तापट. सहा वर्षं आपण त्याला नको त्या जागी उभं करून त्याच्याच नावाने बोटं मोडत होतो. मे 2023 मध्ये वुल्व्हजविरुद्ध शेवटच्या सामन्यात दोन गोल मारले, तेव्हा ज्या स्टेडियमने हुर्यो उडवली होती तेच ‘जाऊ नकोस’ म्हणून गात होतं. तो गेलाच आणि पुढच्याच मोसमात जर्मनीच्या लेव्हरकुसेनबरोबर एकही सामना न हरता बुंडेसलिगा, म्हणजे तिथली लीग, जिंकला. वर जर्मन कपच्या फायनलमधला एकमेव गोलही त्याचाच.

(जुन्या मंडळींना आमचा एबुए आठवेल. डिसेंबर 2008 मध्ये विगनविरुद्ध बदली म्हणून आत आला आणि घरच्याच प्रेक्षकांनी इतकं छळलं, की तेव्हाचा प्रशिक्षक वेंगरला त्याला पुन्हा बाहेर काढावं लागलं. नंतर त्याच एबुएला लोकांनी डोक्यावर घेतलं.)

ओझिलचं मात्र आजही मिटलेलं नाही. 2015-16 मध्ये लीगमध्ये 19 असिस्ट (गोल होणारे पास) देणारा माणूस 2020 मध्ये संघाच्या यादीतही नव्हता. एक गट म्हणतो आळशी, मोठ्या सामन्यात गायब. दुसरा म्हणतो, त्याने पास दिले आणि पुढच्यांनी ते वाया घालवले. मी दुसऱ्या गटातला, तरी 2018 नंतरचा ओझिल मलाही बघवत नव्हता. फक्त त्याच्या आठवड्याला साडेतीन लाख पौंड पगाराचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. आमचा फॉरवर्ड सांचेझ आणि ओझिल, दोघांचे करार एकाच वेळी संपत आणले कुणी? जानेवारी 2018 मध्ये सांचेझ मँचेस्टर युनायटेडला गेल्यावर घाबरून ती रक्कम पुढे केली क्लबनेच. समोर आलेल्या कागदावर सही केली म्हणून त्याला कशाला शिव्या घालायच्या?