घाट उजेडातच चढायचा

चि. पोरी,

तुझी एक्सेल शीट काल रात्री दोनदा उघडून पाहिली. जर्मनीतलं स्टुटगार्ट ते ऑस्ट्रियातलं झोल्डन, स्कीची सहल, तीन रकाने. शुक्रवारी संध्याकाळी सहाला निघायचं, शनिवारी पहाटे तीनला निघायचं, नाहीतर शनिवारी सकाळी. प्रत्येकाखाली पेट्रोल, थांबे, पोहोचायची वेळ. मेहनत घेतली आहेस. पण सगळ्यात खाली एक ओळ आहे: "बाकी चौघांना शुक्रवारीच निघायचंय, मला एकटीला नाही म्हणायला जड जातंय." खरा प्रश्न तेवढाच आहे. वरचे तीन रकाने तू त्या ओळीपासून लांब राहायला भरलेस.

गाडी चालवणारी तू एकटी. इथलं लायसन्स मिळून आठ महिने झालेत. बर्फाच्या रस्त्यावर तू अजून चाक फिरवलेलं नाहीस. मग निघायची वेळ मागच्या सीटवर झोपणारे कसे ठरवणार? ज्याच्या हातात स्टेअरिंग, त्याचा शब्द. आणि तुझा शब्द एकच असला पाहिजे, घाट उजेडात चढायचा.

माझे वडील वाई आगारात एसटीचे ड्रायव्हर होते. पसरणीचा घाट त्यांच्या तळहातावर होता. ड्यूटी लागली की पावसात, धुक्यात, रात्री-बेरात्री चढायचे. पण आम्हाला घेऊन पाचगणीला जायचं असलं की सकाळचीच गाडी. आई एकदा म्हणाली, तुम्ही तर रोज रात्रीचे जाता. ते म्हणाले, "ती नोकरी आहे, तिथे इलाज नाही. इथे इलाज आहे." मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. वाक्य लक्षात राहिलं, पण वागलो नाही तसा.

फेब्रुवारी 1998. आम्ही तिघं, मी, तुझी काकू आणि चार वर्षांचा मुलगा. ऑफिस सुटल्यावर निघालो, कारण एक दिवस वाचवायचा होता. ए-सात हायवे तेव्हा सीमेवरच्या फ्युसन गावापर्यंत पुरा झालेला नव्हता, तो झाला 2009 मध्ये. शेवटचा टप्पा गावागावांतून. फ्युसन ओलांडायला रात्रीचे दहा वाजले आणि बर्फ सुरू झाला. पलीकडे ऑस्ट्रियात फर्नपास नावाचा घाट आहे, त्याच्या चढावर गाडी मागे सरकली. मी स्नोचेन, म्हणजे बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या, काढल्या. पेटी तोवर कधी उघडलीच नव्हती. त्या आधीच्या गाडीच्या मापाच्या होत्या. तरीही मी तासभर त्या चाकावर ओढत राहिलो आणि काकू टॉर्च धरून उभी होती, हातमोज्यांशिवाय, कारण तिचे हातमोजे मी घातले होते. मुलगा आत रडत होता. शेवटी बर्फ उपसणारी गाडी आली, त्या माणसाने आम्हाला मागे घेऊन खालच्या गावात सोडलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर तुझी काकू कधीही आल्प्समध्ये आली नाही. मी आणि मुलगा जात राहिलो, ती घरी राहिली. एक दिवस वाचवायला गेलो आणि तिच्या सगळ्या सुट्ट्या घालवल्या. माफी मागितली मी, पुष्कळदा. ती "झालं ते झालं" म्हणते आणि बॅग भरत नाही.

म्हणून तुला कळकळीने सांगतो. ॲप तुला साडेतीन-चार तास दाखवतं. सव्वातीनशे किलोमीटरला ते बरोबरही आहे, पण कोरड्या रस्त्याला आणि मोकळ्या मंगळवारी. तिकडची भाड्याची घरं बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात, म्हणून जाणारे आणि येणारे सगळे एकाच दिवशी त्या फर्नपासवर येतात, जिथे एका दिशेला एकच लेन आहे. गर्दी वाढली की फ्युसनच्या सीमेवरच्या बोगद्यापाशी गाड्या थोड्या थोड्या करून सोडतात. तिथे नेव्हिगेशन म्हणेल, इथून गावात वळ, वीस मिनिटं वाचतील. वळू नकोस. टिरोलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रियाच्या त्या प्रांतात, हिवाळ्यात शनिवार-रविवारी असे कितीतरी आडरस्ते नुसत्या पार होणाऱ्या गाड्यांना बंद असतात. पोलीस उभे असतात, परत पाठवतात.

आता रात्रीचं. फेब्रुवारीच्या मध्यात तिकडे सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो, आणि दरीत सावली त्याच्या खूप आधी येते. दिवसा कडेचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर वाहतं. संध्याकाळी तेच पाणी गोठतं आणि हेडलाइटमध्ये ते नुसत्या ओल्या डांबरासारखं दिसतं. फर्नपास 1,212 मीटर, आकडा मोठा नाही, पण पलीकडे नासेराइटकडे उतरताना वळणं आहेत. तिथे लहान गिअर टाकून उतरायचं, सारखा ब्रेक दाबायचा नाही. हे दिवसा पहिल्यांदा केलंस तर हाताला कळतं. अंधारात पहिल्यांदा केलंस तर फक्त भीती कळते. शिवाय इम्स्ट गावाच्या पुढे ओट्झतालच्या दरीतून झोल्डनपर्यंत चढ आहेच, गाव 1,370 मीटरच्या आसपास आहे. म्हणजे दमल्यावर दुसरा घाट. पहाटे तीनचा रकाना तर पुसूनच टाक. झोप न झालेली ड्रायव्हर आणि अंधार, दोन्ही एकदम.

रविवारी जाता आलं तर सर्वांत उत्तम. झोल्डनच्या घरमालकिणीला फोन कर, एका रात्रीचे पैसे बुडतील, बुडू देत. ते जमत नसेल तर शुक्रवारी उल्मपर्यंत या, घाटाच्या खाली. शनिवारी सहाला निघालात तर सव्वासातच्या पुढेमागे, उजाडताना, बोगद्यापाशी असाल. रांग लागली तर लागू दे. उजेडातली रांग नुसती रांग असते. लेरमोसच्या खोऱ्यात डावीकडे त्सुगश्पित्से शिखर दिसेल, 2,962 मीटर, रात्री निघालेल्यांना ते कधीच दिसत नाही.

बाकी भराभर सांगतो. फर्नपासला व्हिन्येट, म्हणजे हायवेच्या टोलचं स्टिकर, लागत नाही, पण इम्स्टपासून पुढे ए-बारा हायवेला लागतं. दहा दिवसांचं घे. ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल बर्फाळ रस्त्यावर विंटर टायर सक्तीचे आहेत, नक्षी किमान 4 मिलिमीटर. भाड्याची गाडी घेताना टायरवर डोंगर आणि बर्फाच्या चांदणीची खूण आहे का ते वाकून बघ, काउंटरवरच्या माणसाच्या तोंडी भरवशावर राहू नको. स्नोचेन त्याच वेळी, त्याच टायरच्या मापाच्या. काच धुवायचं पाणी न गोठणारं. जाड जॅकेट काढूनच बेल्ट लावायचा, सगळ्यांनी.

माझा मुलगा म्हणतो, बाबा हट्टी आहेत. तो स्वतः रात्रीच निघतो, त्याची गाडी चांगली आहे, हातही चांगला आहे. माझ्यामुळे लहानपणी दरवेळी स्की-शाळेचा पहिला दिवस बुडायचा, हे तो अजून बोलून दाखवतो. बुडाला, खरं आहे. पण त्या रात्रीनंतर मी त्याला वीस वर्षं नेलं आणि आणलं, आणि एकदाही त्याने मागच्या सीटवर रडत रात्र काढली नाही. यात माझं चुकलं असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. तुझे मित्रही तुला हट्टी म्हणतील. म्हणू देत. रविवारी उन्हात स्की करताना कुणाला आठवणारही नाही. आणि आठवलं तरी चालेल. घाट उजेडात चढायचा, त्यांना आवडो न आवडो.

उल्मला हॉटेल शोधू नका. आमच्या हॉलमध्ये पाच गाद्या पडतात. काकूला सांगितलंय, ती पिठलं-भात करणार आहे. तुला बघायचंय म्हणाली. आठपर्यंत पोहोचा. जेवायच्या आधी तू एकटीने स्नोचेन आमच्या पार्किंगमध्ये दोनदा लावून काढायच्या, बाकीचे चौघे बघतील. बाहेर अंधार असेल, टॉर्च मी धरतो. येताना हातमोजे आण.

तुझा,
काका