‘तू म्हणशील तसं, दादा’

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. थोरला भाऊ आणि मी मिळून करतो. यंदा दादाने उधारीवर माल दिला. मला पटलं नव्हतं, तरी ‘तू म्हणशील तसं’ म्हणालो. पैसे अडकलेत आणि आता आमचं बोलणं कामापुरतं उरलंय. बायको म्हणते, “तुम्ही भांडत नाही, फुगून बसता.” मुळात मी भांडखोर नाही, यात वाईट काय?
– एक वाचक

उत्तर : काही नाही. पण वहिनींनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७४ साली विधानांच्या ३० जोड्यांची एक चाचणी आणली. वादात माणूस पाचपैकी कुठल्या वाटेने जातो, ते तिच्यात कळतं : आपलंच रेटणं, समोरच्याचं मान्य करणं, टाळणं, मधला तोडगा काढणं, किंवा दोघांचंही समाधान होईपर्यंत बोलत बसणं. पाचही वाटा त्यांच्या मते आपापल्या जागी उपयोगाच्या.

तुम्ही स्वतःला ‘मान्य करणारे’ समजताय. मला तुम्ही टाळणारे वाटता. मान्य करणारा विषय बांधावरच सोडतो, तुम्ही तो घरी घेऊन आलात. (थोरल्यापुढे गप्प बसलं की आपल्याकडे कौतुकच होतं, मग टाळतोय हे कळणार कसं?)

व्यापाऱ्यासमोर, मजुरांदेखत गप्प राहिलात ते योग्यच. ढगाळ हवेत डावणीची (वेलीवरच्या बुरशीरोगाची) फवारणी कधी घ्यायची, तिथेही चर्चा नको. ज्याला कळतं त्याने सांगावं, दुसऱ्याने पंप जोडावा. उधारीचं तसं नाही. ते गोडबार छाटणीच्या (फळ धरण्यासाठीच्या छाटणीच्या) आधी, व्यापारी दारात नसताना बोलायचं. “दादा, तेव्हाच मला पटलं नव्हतं, पण बोललो नाही. पुढच्या वेळी किती रोख हातात आल्याशिवाय तोडा करायचा नाही, ते आज ठरवू.” एवढं पुरे. मागच्या पाच वर्षांचं काढू नका.

आणि त्याआधी एक विचारा. दादाने उधारीला होकार का दिला? अवकाळीत मणी तडकतील म्हणून, की बँकेचा हप्ता तोंडावर होता म्हणून? तुमच्या पत्रात दादाचं कारण कुठेच नाही.