चित्र सरकत असेल, तर आधी बफरवरची अक्षरे वाचावीत

काळ्या पार्श्वभूमीवरची अक्षरे नीट दिसतात, पण पडदा उजळला की ठिपके उजवीकडे सरकतात आणि रिबन केबलला हात लावताच चित्र बदलते, असे आपण लिहिले आहे. ६४ बाय ३२ ठिपक्यांचे एलईडी पॅनेल, ते चालवणारा ईएसपी३२ हा छोटा संगणक-बोर्ड आणि मध्ये बफर, म्हणजे बोर्डाचे ३.३ व्होल्टचे सिग्नल ५ व्होल्टचे करून पुढे देणारी आयसी, ही जुळणी माझ्या पहिल्या जुळणीसारखीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पॅनेलला ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा आहे, केबल इनपुटच्या बाजूलाच आहे आणि दोन्हींचे ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारा, एकत्र जोडलेले आहेत, असे मी गृहीत धरते.

माझी चूक एका अक्षराची होती. बफर म्हणून ७४एचसीटी२४५ ऐवजी मी ७४एचसी२४५ ही आयसी बसवली होती. ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसी आयसीला सिग्नलमधला 'एक' (शून्य-एकमधला) खात्रीने ओळखण्यासाठी ३.५ व्होल्ट लागतात आणि ईएसपी३२ जेमतेम ३.३ व्होल्ट देतो. एचसीटीला मात्र २ व्होल्ट पुरतात. फसगत होते ती अशी, की एचसीचा प्रत्यक्ष उंबरठा, म्हणजे ज्या व्होल्टेजला ती 'एक' मानते ते, बहुधा पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास असतो, त्यामुळे सुरुवातीला सगळे सुरळीत चालते. पडदा उजळून विजेची ओढ वाढली, ग्राउंड डळमळले, की क्लॉकचा, म्हणजे ठिपक्यांची माहिती एकेक घर पुढे सरकवणाऱ्या सिग्नलचा, एखादा ठोका निसटतो किंवा दोनदा मोजला जातो आणि पुढची सगळी ओळ सरकते.

विक्रेत्याच्या मदतकक्षाने मात्र प्रत्येक वेळी पुरवठा अपुरा असल्याचेच सांगितले. मी मोठा पुरवठा घेतला. मग व्होल्टेज वाढवण्याचा सल्ला मिळाला. पुरवठ्यावरचा लहान स्क्रू फिरवून ५.२ व्होल्ट केले, तर चित्र आणखी बिघडले. एचसीचा उंबरठा पुरवठ्याबरोबर वर जातो, हे मला तेव्हाच उमगायला हवे होते. त्याऐवजी मी दुसरे पॅनेल विकत घेतले, आणि त्यावरही ठिपके तसेच सरकले. मधल्या दोन महिन्यांत बफर कोणता आहे, हे त्या मदतकक्षाने एकदाही विचारले नाही, याचा राग मला आजही येतो.

आपण भिंगातून आयसीवरचा छापील क्रमांक वाचावा. एचसीनंतर टी नसेल, तर दोन एचसीटी बसवाव्यात. आपल्या पॅनेलला १३ सिग्नल लागतात आणि एका आयसीत ८ मावतात. प्रत्येक आयसीच्या पुरवठ्याच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा आणि न वापरलेले इनपुट ग्राउंडला जोडावेत. बफर काढून थेट जोडणी करणे मला पटत नाही, कारण अनेक पॅनेलांच्या इनपुटला एचसी२४५च असते. क्लॉकचा वेग कमी केल्याने चित्र सुधारू शकते, परंतु माझ्या मते त्याने दोष केवळ झाकला जातो. ईएसपी३२च्या पिना बदलणार असाल, तर ३४ ते ३९ टाळाव्यात. त्या फक्त इनपुट आहेत.

माझा अनुभव याच आकाराच्या पॅनेलांपुरता आहे. पॅनेलवर एफएम६१२६ए ही एलईडी पेटवणारी चालक आयसी असून पडदा पूर्ण काळा राहत असेल, तर दुखणे वेगळे असते. त्या आयसीला आधी सुरुवातीच्या सूचना पाठवाव्या लागतात. आपला पडदा उजळतो आहे, त्यामुळे मला संशय बफरचाच आहे. आयसी बदलताना दोन्हीकडचा पुरवठा बंद ठेवावा आणि नंतर पडदा दहा मिनिटे पूर्ण पांढरा ठेवून पाहावा, कारण माझ्याकडे दोष सर्वांत आधी पांढऱ्यावरच दिसत असे.