फॉस्टर म्हणजे दत्तक नव्हे हो ताई

ताई, तुमची पोस्ट वाचली. संस्थेतल्या आठ वर्षांच्या मुलीसाठी फॉस्टर केअरचा (म्हणजे मूल दत्तक न घेता घरी सांभाळायचा) अर्ज करताय आणि सासरे म्हणतायत "म्हणजे दत्तकच ना?" हुबेहूब आमच्या घरातला संवाद, म्हणून लिहायला बसले. अर्ज, फोटो, कागदपत्रं वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडते.

फॉस्टर हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. मूळ अर्थ सरळ अन्न, खाणंपिणं. फूड, फीड, गुरांचा चारा तो फॉडर, सगळे एकाच कुळातले. म्हणजे फॉस्टर मदर ही खाऊपिऊ घालून वाढवणारी. कला, विचार फॉस्टर करणं हा प्रोत्साहनाचा अर्थ मागाहून आला. अ‍ॅडॉप्ट मात्र लॅटिनमधला, निवडून आपलंसं करणं. सासऱ्यांना यशोदेचं नाव घ्या, बाकी सांगावं लागणार नाही.

आता आमचं काय झालं ते. ठाण्यातल्या एका कार्यालयात (नाव नाही घेत) मूल आमच्याकडे सांभाळायला देण्याच्या आदेशाचं मराठी करताना फॉस्टर पालकच्या जागी चक्क 'दत्तक पालक' टाइप केलं, आणि पुढच्या प्रत्येक खिडकीवर एकच, दत्तकविधानाचे कागद आणा! नसलेले कागद कुठून आणायचे? दुरुस्ती मागितली तर साहेब म्हणाले "अर्थ तोच हो मॅडम". तोच कसा? दत्तक घेतलं की मूल कायद्याने तुमचं, वारसाहक्कासकट. फॉस्टरमध्ये बाल कल्याण समिती मूल तुमच्याकडे सांभाळायला देते, जन्मदात्यांशी नातं कायद्याने तुटत नाही. एका शब्दापायी पोराची शाळेची अ‍ॅडमिशन लटकली, अजून आठवलं की डोकं फिरतं. शेवटी 'प्रतिपालक' लिहून घेतलं. माझं स्पष्ट मत, शिक्का मारायच्या आधी मराठी प्रत तिथेच उभं राहून वाचा, मागे रांग कुरकुरली तरी कुरकुरू दे.

पुढे दत्तक घ्यायचा विचार असेल तर २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षं फॉस्टरमध्ये सांभाळल्यावर तसा अर्ज करता येतो, आधी पाच होती. मी वकील नाही, जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून खात्री करा. तुम्ही ऐरोलीच्या म्हणजे ठाणे जिल्हाच. खारघर-कामोठ्यातलं कुणी हे वाचत असेल तर तुमचा जिल्हा रायगड, उगाच ठाण्याची लोकल पकडू नका.