‘फाइन’चं मूळ एकच

प्रश्न : मुलीचा इंग्रजीचा अभ्यास घेताना ‘फाइन’ या शब्दापाशी अडलो. शब्दकोशात उत्तम, बारीक आणि दंड असे तीन अर्थ दिले आहेत. यांचं एकमेकांशी काही नातं आहे, की नुसता योगायोग?
– एक वाचक

उत्तर : नातं आहे, आणि अगदी जवळचं. तिन्ही अर्थ लॅटिन ‘फिनिस’वरून, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. फिनिस म्हणजे शेवट, सीमा. जे शेवटास गेलं, पूर्णत्वाला पोचलं, ते फाइन. सोन्यातलं हीण काढत गेलं की राहतं ते फाइन सोनं; 999 फाइन म्हणजे हजार भागांत 999 भाग शुद्ध. ‘रिफाइन’ हा शब्दही यातलाच. भरड काढून टाकत नेलं की उरतं ते बारीक, हे चाळणी हातात धरणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

दंडाची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीचा दावा कोर्टात तडजोडीने मिटला, की त्या करारालाच ‘फाइन’ म्हणत, वादाचा शेवट या अर्थाने. 1195पासून एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर तीनदा लिहून नागमोडी रेषेवर कापत. दोन प्रती दोन्ही पक्षांना, तळाची कोर्टाला. खोटी प्रत आणली तर कडा जुळायच्या नाहीत! ही पद्धत 1833मध्ये कायद्याने बंद झाली. प्रकरण मिटवायला भरायची रक्कम तीही फाइन, आणि तिथूनच आजचा दंड. ‘फायनान्स’ त्याच कुळातला.

मुलीला मात्र बोलण्यातले अर्थ आधी शिकवा. एका पाहुणीला मी विचारलं होतं, “आणखी पाणी?” ती म्हणाली, “आय अ‍ॅम फाइन.” मला वाटलं, बरी आहे म्हणतेय. मी ग्लास भरला. तिला म्हणायचं होतं, “नको, पुरे.”

आणखी एक खुबी आहे. ‘अ फाइन ड्रॉइंग’ म्हणजे सुरेख चित्र. इथे फाइन नामाच्या आधी आहे. पण कुणी हौसेने चित्र दाखवलं आणि तुम्ही ‘इट्स फाइन’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला बहुधा ‘चालेल, ठीक आहे’ एवढंच ऐकू येतं. मुलीने काढलेल्या चित्राला तरी तसं म्हणू नका.