भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला कचरा हलवला, म्हणजे जागा स्वच्छ झाली का?

नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्याच पीथमपूर या औद्योगिक गावी नेलेला आणि जूनअखेरपर्यंत जाळून संपवलेला ३३७ टन कचरा आवारात आधीच गोळा करून ठेवलेला होता. त्यात सेव्हिन हे कीटकनाशक आणि ते बनवायला लागणारं नॅफ्थॉल हे रसायन यांचे अवशेष होते, उकरलेली मातीही होती. खरं विष जमिनीत मुरलंय. कारखान्याबाहेरच्या तलावांमध्ये सांडपाणी वाळवायचे, तिथून ते भूजलात उतरलं आणि आसपासच्या वस्त्यांनी वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं.

इमारतीचं काम त्यामानाने सोपं: आधी टाक्या आणि पाइप रिकामे करायचे, धूळ उडू नये म्हणून पाणी मारत काँक्रीट खरवडायचं आणि ते पाणीसुद्धा साठवून शुद्ध करायचं. भूजल मात्र उपसून स्वच्छ करायला दशकं लागतात. म्हणूनच ते आधी सुरू व्हायला हवं होतं.